सेवेलाही शिक्षण हवे : आलिस सालोमन यांचे जीवनकार्य

आपल्या धर्मग्रामांत सेवाकार्याची वाण नाही. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजाऱ्यांच्या घरी जातात, महिला मंडळे विधवांच्या मदतीला धावतात, पूर आला की युवक-युवती धान्य आणि कपडे गोळा करतात. हे सारे प्रेमापोटी चालते आणि ते तसेच चालावे. मात्र एखाद्या घरातील मुलगी बारावीनंतर समाजकार्याची पदवी घ्यायची म्हणते, तेव्हा त्याच घरात कपाळावर आठ्या उमटतात. सेवा करायला कॉलेजात कशाला जायला हवे, असा प्रश्न आईवडील विचारतात. नर्स होण्यासाठी शिकावे लागते, शिक्षिका होण्यासाठी शिकावे लागते, हे त्यांना पटते. गरिबांची सेवा मात्र मन चांगले असले की आपोआप जमते, अशी आपली समजूत असते.

हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीची राजधानी बर्लिन येथे तो विचारला गेला होता आणि एका स्त्रीने आपले सारे आयुष्य वेचून त्याचे उत्तर दिले. त्यांचे नाव आलिस सालोमन. समाजकार्याच्या शिक्षणाचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. त्या कॅथलिक नव्हत्या. जन्माने ज्यू होत्या आणि पुढे प्रॉटेस्टंट झाल्या. तरीही त्यांचे चरित्र आपल्या वाचकांसमोर ठेवावे असे आम्हांला वाटले, कारण त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरून आपल्या ख्रिस्तसभेतील अनेक धर्मभगिनी व प्रापंचिक भाविक आज चालत आहेत.

आलिस यांचा जन्म १९ एप्रिल १८७२ रोजी बर्लिनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील चामड्याचे व्यापारी होते. घरी कशाचीच कमतरता नव्हती, पण सुखवस्तू घरातील मुलींच्या वाट्याला तेव्हा एक वेगळीच कैद येत असे. चौदा-पंधराव्या वर्षी शाळा संपायची आणि मग लग्न ठरेपर्यंत भरतकाम, पियानो आणि पाहुण्यांची सरबराई यांत दिवस ढकलायचे. आलिस यांना शिक्षिका व्हायचे होते. प्रतिष्ठित घरातील मुलीने पगारासाठी काम करणे कमीपणाचे मानले जाई; घरच्यांनी नकार दिला. १८८६ मध्ये वडील वारले. त्यानंतरची काही वर्षे अशीच रिकामी गेली. आपले खरे आयुष्य एकविसाव्या वर्षी सुरू झाले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

ते एकविसावे वर्ष म्हणजे १८९३. त्या वर्षी बर्लिनमध्ये समाजसाहाय्यासाठी मुली व स्त्रियांचे गट स्थापन करण्यात आले. सुस्थितीतील तरुणींनी आठवड्यातील काही तास शहरातील गरिबांसाठी द्यावेत, अशी ही योजना होती. बर्लिन त्या काळी झपाट्याने फुगत होते. खेड्यांतून आलेली कामगार कुटुंबे अंधाऱ्या चाळींत, आतल्या आत असलेल्या चौकांभोवती दाटीवाटीने राहत होती. आईवडील दोघेही कारखान्यात जात असल्यामुळे मुले रस्त्यावर वाढत होती. या तरुणींना बालवाड्यांत, अंधांच्या संस्थांत, शाळा सुटल्यावर कामगारांच्या मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांत कामे वाटून दिली जात. त्यांच्या मार्गदर्शिका जनेट श्वेरिन यांच्या हाताखाली आलिस तयार झाल्या. श्वेरिनबाईंचे एक म्हणणे ठाम होते : गरिबाला आपण देतो ते दान नव्हे, ते आपल्यावरील ऋण आहे. जे आपल्याला फुकट मिळाले, ते दुसऱ्याच्या श्रमांतून आले आहे. ज्या काळात श्रीमंत बायका दानधर्माला करमणूक समजत, त्या काळात हा विचार बोचणारा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या मुलींची मने चांगली होती, वेळ भरपूर होता, घरी पैसाही होता. तरीसुद्धा त्या अडखळत. एखाद्या घरी ब्रेड नेऊन द्यावा, तर आठ दिवसांनी तीच उपासमार. आजारी बाळासाठी औषध आणावे, तर खोलीतली ओल बाळाला पुन्हा आजारी पाडणार. नवरा कामावर जात नाही तो आळशी म्हणून, की यंत्रात हात सापडला म्हणून, आणि तसे असेल तर विम्याचे पैसे त्याला का मिळाले नाहीत, हे त्या मुलींना कुठून कळणार? अपघातविमा आणि आजारविमा यांचे कायदे जर्मनीत १८८० च्या दशकातच झाले होते. परंतु ज्यांच्यासाठी ते झाले, त्यांना ते ठाऊक नव्हते. आणि त्यांच्या मदतीला जाणाऱ्या मुलींनाही नव्हते. कायद्याने हक्काचे जे होते, ते न मागता गरीब माणूस भिक्षा घेत होता आणि चांगल्या मनाची मुलगी ती देत होती. प्रेम होते, ज्ञान नव्हते. आणि त्यामुळे गरिबाचे नुकसानच होत होते.

१८९९ मध्ये श्वेरिनबाईंचे निधन झाले व गटांचे अध्यक्षपद आलिस यांच्याकडे आले. वय होते सत्तावीस. त्याच वर्षी त्यांनी तरुणींसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. हौसेखातर ऐकायची व्याख्याने आणि एका कामासाठी तयार करणारे शिक्षण, यांतील फरक येथे प्रथम आकाराला आला. याच सुमारास इतर देशांतही अशीच जाग येत होती : न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली उन्हाळी वर्ग भरला, ॲमस्टरडॅमला १८९९ मध्ये शाळा निघाली. एकाच वेळी अनेक शहरांत एकच गरज जाणवत होती.

दुसऱ्यांना शिकवायला निघालेल्या आलिस यांची स्वतःची शाळा मात्र किशोरवयातच सुटली होती. ही उणीव त्यांना सलत होती. १९०२ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला. प्रशियाच्या विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश तेव्हा नव्हता. तो मिळाला १९०८ मध्ये. त्या प्राध्यापकांच्या परवानगीने पाहुण्या विद्यार्थिनी म्हणून वर्गात बसत. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणारी शालान्त परीक्षाही त्यांच्यापाशी नव्हती. पण त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले होते, गुस्टाव श्मोलर यांच्यासारखे नामवंत अर्थशास्त्रज्ञ त्यांना ओळखत होते. खास परवानगी मिळाली आणि १९०६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता, पुरुषांच्या व स्त्रियांच्या कामाला असमान वेतन का मिळते याची कारणे. या विषयाची निवडच पुष्कळ काही सांगते. कामगार स्त्रीची गरिबी त्यांनी तिच्या घरात पाहिली होती. आता त्या गरिबीचे मूळ वेतनाच्या हिशेबात शोधत होत्या. ज्या स्त्रीला कामाचे पुरेसे शिक्षण मिळत नाही, जिच्या कामाकडे लग्नापर्यंतची तात्पुरती सोय म्हणून पाहिले जाते, तिला कमी पैशांवर राबवणे सोपे जाते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. कामाआधी शिक्षण हवे, हा त्यांचा आग्रह केवळ सेविकांपुरता नव्हता.

१९०८ च्या शरद ऋतूत बर्लिनच्या शोनेबर्ग भागात त्यांनी स्त्रियांसाठी सामाजिक शाळा उघडली. नावात शाळा असली, तरी हे प्रौढ मुलींसाठी दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण होते. शोनेबर्गमधील पेस्टालोझी-फ्रोबेल हाऊस हे बालवाडी शिक्षिकांना तयार करणारे जुने शिक्षणसंकुल. त्याच्या आश्रयाने ही शाळा उभी राहिली. अभ्यासात अर्थशास्त्र, कायदा व नागरिकशास्त्र, आरोग्यशास्त्र, शिक्षणशास्त्र होते आणि त्याच्या जोडीला प्रत्यक्ष काम. मुलींना बालसंगोपन केंद्रांत, गरीब वस्त्यांत, साहाय्य कार्यालयांत पाठवले जाई आणि तिथे जे दिसले ते वर्गात आणून त्यावर विचार केला जाई. आज आपल्याकडील समाजकार्य महाविद्यालयांत ज्याला क्षेत्रकार्य म्हणतात, आणि ज्यात विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस वस्तीत, दवाखान्यात किंवा शाळेत घालवतात, ते हेच. केवळ पुस्तके वाचून कोणी समाजसेवक होत नाही, आणि केवळ वस्तीत फिरूनही होत नाही, ही त्यांची भूमिका होती. एकाला दुसऱ्याने तपासायचे असते.

शाळेचे दार सर्व पंथांच्या मुलींना उघडे होते. इथे आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. कॅथलिकांनी काय केले? जर्मनीतील ख्रिस्तसभा सेवेच्या बाबतीत मागे मुळीच नव्हती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीविषयीचे विश्वपत्र प्रसिद्ध केले होते. १८९७ मध्ये फादर लोरेन्झ वेर्थमान यांनी विखुरलेल्या कॅथलिक सेवासंस्थांना एकत्र आणून कारितास संघटना स्थापन केली. आज जगभर परिचित असलेल्या कारितास या नावाची ती सुरुवात. सेवेचे शिक्षण द्यायला हवे, हे कॅथलिकांनाही पटले होते. मात्र ते श्रद्धेच्या पायावर, आपल्या संस्थांत द्यावे असे त्यांना वाटे. काउंटेस मारिया फॉन ग्राइमबर्ग यांनी १९११ मध्ये हायडेलबर्ग येथे पहिली कॅथलिक सामाजिक शाळा सुरू केली. १९१६ मध्ये कॅथलिक महिला संघाने कोलोन येथे शाळा काढली आणि तिची धुरा हेलेने वेबर यांनी सांभाळली.

हे दोन प्रवाह एकमेकांकडे पाठ फिरवून बसले असते तर नवल नव्हते. पंथापंथांतील दुरावा तेव्हा मोठा होता. पण १९१७ मध्ये आलिस यांनी जर्मनीतील सर्व सामाजिक शाळांची परिषद बोलावली व तिथे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि पंथनिरपेक्ष शाळा एका टेबलाभोवती बसल्या. प्रवेशाचे वय, अभ्यासाचा कालावधी, परीक्षेचा दर्जा या गोष्टी सर्वांनी मिळून ठरवायच्या आणि श्रद्धेचे शिक्षण प्रत्येकाने आपल्या परीने द्यायचे, असा हा मार्ग होता. १९३३ पर्यंत या परिषदेचे अध्यक्षपद आलिस यांच्याकडे राहिले. १९२० मध्ये प्रशियाच्या शासनाने या शाळांच्या परीक्षेसाठी नियम केले आणि समाजसेविका हा शासनमान्य व्यवसाय ठरला. त्या वेळी प्रशियाच्या लोककल्याण मंत्रालयात या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या अधिकारी होत्या हेलेने वेबर. त्याच वेबरबाई पुढे १९४८-४९ मध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना घडवणाऱ्या चार स्त्रियांपैकी एक ठरल्या. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

आलिस यांनी स्वतः १९१४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन प्रॉटेस्टंट पंथात प्रवेश केला होता. परंतु आडनाव ज्यूच राहिले आणि ते आड येऊ लागले. जर्मन महिला संघटनांच्या महासंघात त्यांनी वीस वर्षे काम केले होते. अध्यक्षपद त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते. पण ज्यू नावाची स्त्री प्रमुखपदी असली तर लोक काय म्हणतील, या भीतीने सहकाऱ्यांनी पाय मागे घेतला. १९२० मध्ये आलिस यांनी महासंघाचे पद सोडले. हिटलर सत्तेवर येण्याच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि ती परक्यांनी नव्हे तर सुशिक्षित मैत्रिणींनी केली होती.

विसाव्या दशकात त्यांच्या कामाला भर आला. त्यांची पाठ्यपुस्तके जर्मनीभर वापरली जात. १९२६ च्या त्यांच्या पुस्तकाचे नाव सामाजिक निदान असे आहे. अमेरिकेतील मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये याच नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्यातील विचार आलिस यांनी जर्मन परिस्थितीला लावून पाहिला. वैद्य जसा ताप पाहून थांबत नाही, तापाचे कारण शोधतो, तसेच समाजसेवकाने करावे. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे, तर एखादी आई मुलाच्या शाळेची फी मागायला येते. फी देऊन टाकणे सोपे असते. परंतु फी का थकली, घरात कमावते कोण, कर्ज कुणाचे, नवऱ्याचे व्यसन आहे की आजार, माहेरचा आधार आहे की नाही, हे शांतपणे, तिचा मान राखून समजून घेणे अवघड असते. हे विचारताना ती आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखी होऊ नये, हेही शिकावे लागते. व्यक्तिसाहाय्य कार्य या नावाने हा विषय आजही समाजकार्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो.

एका बाबतीत मात्र आलिस यांचा विचार आम्हांला तोकडा वाटतो. सेवा हा स्त्रीच्या अंगचा मातृत्वाचा गुण आहे, म्हणून हा व्यवसाय प्रामुख्याने स्त्रियांचा, असे त्या व त्यांच्या पिढीतील अनेक स्त्रिया मानत. सुरुवातीला हे काम बिनपगारी असावे याकडेही त्यांचा कल होता. परिणाम असा झाला, की महायुद्धानंतर पोटासाठी नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय मुली या व्यवसायात आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला काम डोंगराएवढे आणि पगार तुटपुंजा आला. असमान वेतनावर प्रबंध लिहिणाऱ्या विदुषीच्या क्षेत्रातच हे घडावे, हा दैवदुर्विलास. सेवाभावाच्या नावाखाली कमी पगारावर माणसे राबवण्याची सवय अद्याप गेलेली नाही, आणि आपल्याही संस्थांनी याचा विचार करायला हरकत नाही.

१९२५ मध्ये शाळेचे प्रमुखपद सोडून त्यांनी स्त्रियांसाठी सामाजिक व शैक्षणिक कार्याची अकादमी काढली. शाळेत शिकून काही वर्षे काम केलेल्या स्त्रियांना तेथे पुढचे शिक्षण मिळे. विद्यापीठांनी या विषयाला अजून जवळ केले नव्हते. त्यामुळे विद्यापीठाच्या तोलाची जागा स्वतःच निर्माण करणे भाग होते. १९२८ च्या जुलैमध्ये पॅरिसला समाजकार्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ४२ देशांतून सुमारे अडीच हजार प्रतिनिधी आले. त्यातून १९२९ मध्ये समाजकार्याच्या शाळांची आंतरराष्ट्रीय समिती जन्माला आली व आलिस तिच्या अध्यक्ष झाल्या. आज जगभरातील समाजकार्य महाविद्यालयांना जोडणारी संघटना ती हीच. १९३२ मध्ये त्यांची साठी झाली तेव्हा बर्लिन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि त्यांच्या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

पुढच्याच वर्षी सारे कोसळले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू सहकाऱ्यांना काढून टाका, असा हुकूम येणार हे उघड होते. तो येण्याआधीच आलिस व त्यांच्या संचालक मंडळाने अकादमी स्वतःहून विसर्जित केली. आपल्या हाताने सहकाऱ्यांना बाहेर काढण्यापेक्षा संस्था मिटवणे त्यांनी पत्करले. त्यांची सर्व पदे गेली. शाळा मात्र चालू राहिली. फक्त तिचे नाव पुसले गेले आणि पंचवीस वर्षे जिला वाढवले, त्या शाळेचे दार संस्थापिकेला बंद झाले.

याहून दुःखाची गोष्ट पुढे आहे आणि ती टाळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आनुवंशिक रोग असलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा नाझी सरकारने १९३३ च्या जुलैमध्ये केला. १ जानेवारी १९३४ पासून तो लागू झाला. कोणाला या यादीत घालायचे, हे ठरवायला माहिती लागत होती. ती माहिती होती समाजसेविकांच्या कपाटांत. घरोघर जाऊन, विश्वास संपादन करून, नीट प्रश्न विचारून लिहिलेल्या नोंदी आता दुर्बलांना वेचून काढण्यासाठी वापरल्या जाऊ लागल्या. पदविका घेतलेल्या अनेक समाजसेविकांनी असे अहवाल निमूटपणे लिहिले. त्यांचे शिक्षण कमी पडले नव्हते. कमी पडले ते काही वेगळेच होते.

पण सगळ्यांनीच मान तुकवली नाही. पेस्टालोझी-फ्रोबेल हाऊसमध्ये मार्गारेट झोमर नावाच्या एक कॅथलिक अध्यापिका समाजसेविकांना शिकवत असत. नसबंदीचा कायदा विद्यार्थिनींना शिकवण्यास त्यांनी नकार दिला आणि १९३४ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे बर्लिनच्या धर्मप्रांताने त्यांना आपल्या कामात घेतले. ज्यूंसाठी रोज जाहीर प्रार्थना करणारे बर्लिनच्या कॅथेड्रलचे धर्मगुरू बेर्नहार्ड लिश्टेनबर्ग यांना १९४१ मध्ये अटक झाली व १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असताना त्यांचा अंत झाला. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या अटकेनंतर बिशपांच्या मदत केंद्राची जबाबदारी झोमरबाईंवर आली. छळ झालेल्या ज्यू कुटुंबांना अन्न, कागदपत्रे, लपण्याच्या जागा मिळवून देणे ही कामे त्या करीत राहिल्या. कायदा कसा वाचावा, कार्यालयाशी कसे बोलावे, घाबरलेल्या माणसाचे कसे ऐकावे, हे सारे त्यांनी शिकले व शिकवले होते. तेच शिक्षण एकीकडे यादी करायला कामी आले आणि दुसरीकडे माणसे वाचवायला.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या नाताळच्या दिवशी स्वाक्षरी केलेल्या, देव प्रेम आहे या विश्वपत्रात ख्रिस्ती सेवाकार्याविषयी सविस्तर विवेचन केले आहे. सेवा करणाऱ्याला आपल्या कामाचे रीतसर ज्ञान असले पाहिजे, ही पहिली अट त्यांनी घातली. त्याचबरोबर ते ज्ञान एकटे पुरेसे नाही, अंतःकरणाचीही घडण व्हावी लागते, असे त्यांनी सांगितले. जर्मनीत वाढलेल्या आणि नाझी राजवट डोळ्यांनी पाहिलेल्या पोपमहाशयांनी ही दोन वाक्ये एकत्र का ठेवली असतील, हे आम्हांला वरील इतिहास वाचताना अधिक उमगले. संत लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकली आहे. त्याला कळवळा आला, एवढेच आपल्या लक्षात राहते. परंतु जखमेवर तेल व द्राक्षारस ओतून ती कशी बांधावी हेही त्याला ठाऊक होते, आणि उताऱ्याच्या मालकाशी पुढच्या खर्चाची बोली करण्याइतका तो व्यवहार जाणणाराही होता.

आलिस सालोमन १९३३ नंतर चार वर्षे जर्मनीतच राहिल्या. देश सोडून जाणाऱ्या ज्यूंना मदत करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्याच काळात त्या एका मोठ्या ग्रंथासाठी जगभरातील समाजकार्य शाळांची माहिती जमवत होत्या. दीडशेहून अधिक शाळांचा आढावा घेणारा तो ग्रंथ १९३७ मध्ये झुरिच येथे प्रसिद्ध झाला. याच सुमारास, १९३६ मध्ये, आपल्या मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊसचे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. भारतातील समाजकार्य शिक्षणाची ही पहिली संस्था. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. बर्लिनमध्ये दार बंद होत असताना नागपाड्याच्या कामगार वस्तीत ते उघडत होते. पुढे १९५५ मध्ये डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या धर्मभगिनींनी मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या महाविद्यालयात सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. कॅथलिक संस्था, विद्यापीठाची पदवी आणि सर्वांना खुले दार : १९१७ च्या त्या जर्मन परिषदेत जे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसले होते, ते इथे एका छताखाली आले.

१९३७ च्या आरंभी आलिस अमेरिकेचा व्याख्यानदौरा करून बर्लिनला परतल्या. मे महिन्यात गुप्त पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी बोलावले. तीन आठवड्यांत देश सोडा, नाही तर छळछावणी, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. वय पासष्ट. जूनमध्ये त्या निघाल्या व इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोहोचल्या. १९३९ मध्ये त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि दोन्ही डॉक्टरेट रद्द झाल्या. तिशीत पाहुणी विद्यार्थिनी म्हणून बसून जी पदवी त्यांनी मिळवली होती, तीसुद्धा.

ज्या देशाने समाजकार्याच्या शिक्षणात मोठी मजल मारली होती, त्या अमेरिकेत त्यांना कायमचे काम मिळाले नाही. वय झाले होते, नवी पिढी त्यांना फारशी ओळखत नव्हती. कधी एखादे व्याख्यान, कधी एखादा सत्कार. निर्वासितांसाठी आयुष्यभर खटपट केलेली स्त्री आता स्वतः निर्वासित होऊन भाड्याच्या घरात आत्मचरित्र लिहीत होती. ते इंग्रजीत लिहिले गेले, पण त्यांच्या हयातीत त्याला प्रकाशक मिळाला नाही. १९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये समाजकार्य शाळांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यांना मानद अध्यक्ष केले. जर्मनीला त्या परत गेल्या नाहीत. ३० ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी, एकटेपणात, त्यांचे निधन झाले.

आत्मचरित्राचे हस्तलिखित मागे राहिले. जर्मन भाषांतराच्या रूपाने ते १९८३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी वाचकांपुढे आले. मूळ इंग्रजी आवृत्तीला २००४ साल उजाडावे लागले. त्यांनी १९०८ मध्ये काढलेली शाळा अनेक स्थित्यंतरांतून जाऊन आता उच्चशिक्षणाची संस्था झाली आहे आणि पुसलेले नाव तिला परत मिळाले आहे. आलिस सालोमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आज बर्लिनच्या पूर्वेकडील हेलर्सडोर्फ या वसाहतीत आहे. तिथे समाजकार्य शिकायला मुलीही येतात आणि मुलगेही, आणि संस्थेसमोरच्या चौकालाही त्यांचेच नाव आहे.